कारखाना बिडकीनला, बॅटरीचा सेल कुठे? ई-गाडी वेळेवर का मिळत नाही, ते सोप्या भाषेत

छत्रपती संभाजीनगरच्या पेपरांत ई-गाड्यांच्या दोन तऱ्हेच्या बातम्या येतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. एक बातमी शहराजवळच्या बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीची. एथर एनर्जी तिथे २ हजार कोटी घालून वर्षाला १० लाख दुचाकी बनवणार, टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये सामंजस्य करार केला तो सुमारे २० हजार कोटी आणि वर्षाला ४ लाख गाड्यांचा, शिवाय जेएसडब्ल्यूचाही ई-वाहन प्रकल्प तिथेच येणार. दुसरी बातमी आतल्या पानावरची: उत्पादन घटलं, वेटिंग वाढलं, डिलिव्हरी पुढे गेली. शोरूममध्ये बुकिंगची पावती घेऊन बसलेल्या माणसाला साहजिकच कळत नाही. एवढे कारखाने आहेत आणि येताहेत, मग माझी एक गाडी का अडली?

उत्तर असं आहे की हे कारखाने गाड्या जोडतात. किती जोडायच्या आणि कधी, हे बऱ्याच वेळा बॅटरीतला सेल ठरवतो, आणि तो सेल इथे बनत नाही.

सेल, पॅक आणि बीएमएस

या विषयात पारिभाषिक शब्दांचा सुकाळ आहे, पण तीन समजले तरी काम भागतं.

सेल म्हणजे वीज साठवणारा सर्वांत लहान घटक. बऱ्याच ई-स्कूटरमध्ये तो गोल नळकांड्याच्या आकाराचा असतो: २१ मिलिमीटर जाडी, ७० मिलिमीटर उंची, वजन साधारण ७० ग्रॅम. टॉर्चमधल्या सेलपेक्षा थोडा मोठा, हातात घेतला तर काही विशेष वाटणार नाही असा. अशा एका सेलमध्ये जेमतेम १८ वॉट-अवर वीज मावते. म्हणून ३ युनिटच्या स्कूटरला असे १६५-१७० सेल लागतात. हे सगळे जोडून, पेटीत बंद करून जे तयार होतं तो पॅक. आणि कुठला सेल किती तापला, किती भरला, चार्जिंग कधी थांबवायचं हे बघणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट म्हणजे बीएमएस. इथल्याच वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजने २०२२ मध्ये मॅक्सवेल ही बीएमएस बनवणारी कंपनी घेतली, म्हणजे तिसऱ्या शब्दाशी आपल्या गावाचा संबंध आधीच आला आहे.

भारतात आज 'बॅटरी बनवतो' असं सांगणाऱ्या बहुतेक कंपन्या पॅक बनवतात. सेल बाहेरून आणायचे, जोडायचे, बीएमएस बसवायचं, तपासायचं. हेही कौशल्याचंच काम आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. टेस्लाचंच बघा. २०१७ च्या तिसऱ्या तिमाहीत मॉडेल ३ च्या दीड हजारांहून जास्त गाड्या काढायचं ठरलं होतं, निघाल्या २६०. सेल होते, पण ते एकत्र बांधणारी नेवाडातली लाइनच नीट चालेना. तरीही पॅकची लाइन काही महिन्यांत दुरुस्त करता येते. सेलच नसेल तर दुरुस्त काय करणार?

हिशेब युनिटमध्ये करा

बॅटरीची क्षमता किलोवॉट-अवरमध्ये मोजतात. घाबरू नका, महावितरणच्या बिलावर जे 'युनिट' असतं तेच हे. पुढे मी युनिटच म्हणेन.

स्कूटरला साधारण ३ युनिट. मालाच्या किंवा प्रवासी ई-रिक्षाला, म्हणजे नेहमीच्या थ्री-व्हीलरच्या ई-अवताराला, ९ ते १२. बहुतेक मोटारींना ३० पासून पुढे. महिंद्राच्या नव्या ई-गाड्यांमध्ये ५९ आणि ७९ युनिटचे पॅक आहेत. मोठ्या बसला दोनशे ते तीनशे.

सेलच्या कारखान्याची क्षमता गिगावॉट-अवरमध्ये सांगतात. एक गिगावॉट-अवर म्हणजे १० लाख युनिट. एवढ्यात सव्वातीन लाखांवर स्कूटर होतात, किंवा ४० युनिटवाल्या २५ हजार मोटारी, किंवा अडीचशे युनिटवाल्या ४ हजार बस. एसटीने ५,१५० ई-बस भाडेतत्त्वावर घ्यायचं ठरवलं होतं. त्या वेळेत आल्या नाहीत म्हणून २०२५ च्या मे महिन्यात परिवहन मंत्र्यांनी करार रद्द करण्याचे निर्देश दिले, ती बातमी आठवत असेल. त्या उशिराला बॅटरीच जबाबदार होती असं मी म्हणत नाही. पण सरासरी अडीचशे युनिट धरली तर तेवढ्या बसना सुमारे १३ लाख युनिट लागतात, म्हणजे सव्वा गिगावॉट-अवरहून जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, देशातल्या सेल कारखान्यांची गोष्ट निघेल तेव्हा तो कामाला येईल.

एथरचे १० लाख स्कूटर प्रत्येकी ३ युनिटने धरले तर दरवर्षी ३ गिगावॉट-अवर. टोयोटाच्या ४ लाखांत हायब्रिडही आहेत, आणि हायब्रिडची बॅटरी लहान असते. पण त्यातल्या निम्म्या जरी पूर्ण ई-मोटारी निघाल्या आणि प्रत्येकीला ५० युनिट लागली, तर १० गिगावॉट-अवर झाले. एका बिडकीनची ही भूक.

गाळप क्षमता आणि टोळी

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवायला मोटारींची गरजच नाही, ऊस पुरे. कारखान्याच्या फाटकावर गाळप क्षमता लिहिलेली असते, रोज पाच हजार टन. सभासदाने उसाची नोंद केलेली असते. तरी ऊस फडातच उभा. का? तर तोडायला टोळी नाही. गाळप क्षमता खरी, नोंदही खरी, पण रोज गव्हाणीत किती ऊस पडणार हे टोळ्या किती आल्या यावर ठरतं. २०२१-२२ च्या हंगामात मे उलटला तरी आपल्याकडे ऊस उभा होता, तो कुणी विसरलेलं नाही.

यातला खोचक भाग पुढचा. टोळ्या बीडच्या, पण उचल ज्याने आधी आणि जास्त दिली त्याच्या कारखान्यावर त्या जातात, मग तो कोल्हापूर-सांगलीचा का असेना. सेलचा बाजार अगदी असाच चालतो. जगातल्या मोठ्या वाहन कंपन्यांनी सेल बनवणाऱ्यांशी वर्षानुवर्षांचे करार केलेले असतात, काहींनी कारखान्यात भांडवलही घातलेलं असतं. त्यांचा माल आधी निघतो. ज्याची ऑर्डर लहान आणि अॅडव्हान्स किरकोळ, त्याला 'बघतो' असं उत्तर मिळतं. बुकिंगची पावती म्हणजे नोंद. गाडी मिळते ती तोड मिळाल्यावर.

सेल इथेच का बनवत नाहीत?

बनवायचं ठरलं आहे, २०२१ पासून. केंद्राने त्या वर्षी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, उद्दिष्ट ५० गिगावॉट-अवर. २०२५ पर्यंत त्यातली प्रत्यक्ष सुरू झालेली क्षमता एक-दीड गिगावॉट-अवरच्या आसपासच होती, तीही तमिळनाडूत कृष्णगिरीला, ओलाच्या कारखान्यात. म्हणजे एसटीच्या त्या बस एकट्याच हे सगळं संपवतील. टाटा समूहाचा अॅग्रटास गुजरातमध्ये साणंदला, एक्साइड बंगळूरला, अमर राजा तेलंगणात, असे आणखी प्रकल्प उभे राहताहेत.

उशीर का, हे समजायला कारखान्याच्या आत डोकवायला हवं. तांबं आणि अॅल्युमिनियमच्या केसाहून पातळ पत्र्यांवर रसायनाचा लेप द्यायचा, तो सगळीकडे सारखा हवा. लेपाच्या जाडीत थोडा फरक पडला की सेल कमी टिकतो किंवा जास्त तापतो. पुढचं काम ज्या खोलीत होतं तिथली हवा इतकी कोरडी लागते की मराठवाड्याचा मे महिनाही तिच्यापुढे दमट. कारण ओलावा लागला की आतल्या द्रवातल्या क्षारापासून आम्ल तयार होतं आणि सेल गेला. सेल बंद झाल्यावर तो लगेच विकता येत नाही. पहिलं चार्जिंग हळूहळू, ठराविक पद्धतीने करायचं, मग काही दिवस ते काही आठवडे ठेवून बघायचं की कुणी आपोआप उतरतंय का. नवा कारखाना सुरुवातीला ढिगाने माल भंगारात काढतो. यंत्रं विकत घेता येतात, हात बसायला वर्षं जातात.

स्वीडनची नॉर्थव्होल्ट ही युरोपची मोठी आशा होती, पैसा अब्जावधींचा, ग्राहक बीएमडब्ल्यू-फोक्सवॅगनसारखे. माल वेळेवर निघेना. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोची ऑर्डर काढून घेतली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून एखाद्या राज्यात 'गिगाफॅक्टरी येणार' अशी घोषणा झाली की मी तारखेत मनातल्या मनात तीन वर्षं मिळवतो.

'पण चीनमध्ये तर बॅटऱ्यांचा पूर आलाय'

ही शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. जगातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त लिथियम-आयन बॅटऱ्या चीन बनवतो. तिथे क्षमता मागणीपेक्षा जास्त आहे, भाव पडले आहेत. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या पाहणीत पॅकचा सरासरी भाव २०२३ मध्ये युनिटमागे १३९ डॉलर होता, तो २०२४ मध्ये ११५ वर आला. मग टंचाई कसली?

टंचाई 'सेल' नावाच्या वस्तूची नसते. आपल्या पॅकमध्ये बसणारा, आपल्या बीएमएसशी जुळणारा, भारतात चाचणी पास झालेला सेल, ठरलेल्या आठवड्यात वाळूजच्या किंवा चाकणच्या फाटकातून आत यायला हवा. टंचाई त्याची असते. शांघायजवळच्या गोदामात ढीग पडला असला तरी तो तुमच्या स्कूटरच्या कामाचा असेलच असं नाही. त्यात सौर आणि पवन ऊर्जेची वीज साठवणारे मोठे संच आता ई-गाड्यांत वापरतात तेच स्वस्त लोह-फॉस्फेट सेल (लिथियम-आयनचाच एक प्रकार) उचलू लागलेत. म्हणजे गिऱ्हाइकांच्या रांगेत वीज कंपन्याही उभ्या आहेत.

शिवाय पूर ज्याच्या धरणातून येतो, दरवाजेही त्याच्याच हातात. बॅटरीला लागणाऱ्या ग्राफाइटच्या प्रक्रियेत चीनचा वाटा नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. डिसेंबर २०२३ पासून त्याच्या निर्यातीला परवाना लागू झाला. जुलै २०२५ मध्ये लोह-फॉस्फेट बॅटरीचं काही तंत्रज्ञान परदेशी देण्यावर निर्बंध आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये काही बॅटऱ्या आणि त्यांच्या कच्च्या मालावर आणखी निर्बंध जाहीर झाले, महिनाभरात ते वर्षभरासाठी स्थगितही झाले. स्थगित झाले, रद्द नाही. हे फक्त चीनच करतो असंही नाही. जगातलं बहुतेक कोबाल्ट ज्या काँगोतून निघतं, त्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव सावरायला निर्यातच थांबवली आणि पुढे कोटा लावला.

२०२५ मधला मोठा झटका तर बॅटरीचा नव्हताच. एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांवर परवान्याची अट घातली. मोटरमधलं चुंबक मिळेना. ऑगस्टमध्ये आपल्या ई-गाड्यांचं उत्पादन शून्यावर जाऊ शकतं, असं बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलैमध्ये उघड सांगितलं. ऑगस्टच्या उत्तरार्धात बजाजच्या चेतक ई-स्कूटरचा पुरवठा पुन्हा सुरू झाला, पण तोवर बॅटरी तयार, बॉडी तयार, रंग वाळलेला आणि मोटरसाठी गाडी उभी, हे सगळ्यांनी पाहिलं. चुंबकाने जे महिन्याभरात दाखवलं, ते सेल वर्षानुवर्षं दाखवत आलाय.

'मग साठा करून ठेवा, नाहीतर दुसरीकडून घ्या'

किराणा दुकानदाराचा सल्ला म्हणून उत्तम. सेलच्या बाबतीत दोन्ही जमत नाही, म्हणजे फारसं जमत नाही.

साठ्याचं आधी. सेल नुसता पडून राहिला तरी म्हातारा होत जातो, उष्णतेत लवकर. तो धोकादायक मालात मोडतो, म्हणून गोदाम, विमा, अग्निसुरक्षा सगळं महाग. विमानाने न्यायचा तर साधारण तीस टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही, त्यामुळे बहुतेक माल जहाजाने येतो आणि त्यात आठवडे जातात. आणि सर्वांत मोठी गोष्ट भावाची. वरचाच आकडा घ्या. हजार स्कूटरचे, म्हणजे ३ हजार युनिटचे पॅक २०२३ च्या भावात घेऊन ठेवले असते, तर २०२४ मध्ये कागदावर ७२ हजार डॉलर गेले असते. लिथियमचा भाव २०२२ च्या अखेरीस आकाशाला भिडला होता आणि दीड वर्षात पार तळाला गेला. अशा बाजारात साठा करायला फार मोठं काळीज लागतं, आणि फार मोठा खिसा.

आता 'दुसरीकडून घ्या'. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्या, तुम्हीही व्हिडिओ पाहिले असतील. त्यानंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. आता सेल बदलला तर पॅकची रचना, थंड ठेवण्याची सोय, बीएमएसची आज्ञावली हे सगळं पुन्हा तपासावं लागतं आणि एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांतून न्यावं लागतं. यात महिने जातात. यात ढिलाई करा असं कुणी सुचवू नये. घराच्या ओसरीत, गॅस सिलिंडरच्या शेजारी स्कूटर चार्जिंगला लावणारे आपण लोक आहोत.

आहे तेवढ्यात गाडी कुणाला आधी?

सेल मोजकेच असतील तर कंपनीला निवड करावी लागते, आणि ती निवड गिऱ्हाइकाच्या नंबराप्रमाणे होईलच असं नाही.

एका मोठ्या मोटारीच्या पॅकमधल्या युनिटमध्ये वीस-पंचवीस स्कूटर होतात. एकाच मॉडेलमध्येही हाच प्रश्न येतो. तेवढेच सेल असतील तर जास्त नफ्याचा व्हेरियंट आधी काढावा, हा कोणत्याही व्यापाऱ्याचा हिशेब. महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या ई-मोटारींच्या बाबतीत मार्च २०२५ मध्ये आधी वरच्या, ७९ युनिटवाल्या 'पॅक थ्री' नावाच्या व्हेरियंटच्या गाड्या द्यायला सुरुवात केली, खालच्या व्हेरियंटच्या तारखा त्यानंतरच्या ठेवल्या. त्यामागे सेलच होता असा दावा मी करणार नाही, वाहन उद्योगात ही रीतच आहे. पण जाहिरात बघून सर्वांत स्वस्त व्हेरियंट बुक करणाऱ्याने धीर जास्त धरावा, एवढं त्यातून नक्की निघतं.

दुसरी अडचण आपली आपणच तयार करतो. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी. वर्षभर नुसती चौकशी करणारे सगळे एका दिवशी पेढे घेऊन शोरूमच्या दारात. सेलचं जहाज मुहूर्त बघून येत नाही, ते आठवड्याला जेवढं यायचं तेवढंच येतं. मग डीलर दोन महिने गाड्या अडवून मुहूर्ताला देतो, किंवा मुहूर्ताला चावीचा फोटो काढून गाडी नंतर. जालना, परभणी, धाराशिवच्या उपडीलरकडे वाटा जातो तो मोठ्या शहराचं भागल्यावर, अशी तक्रार आपल्याकडे सर्रास ऐकू येते.

आणि उशिराला किंमत असते, अगदी रुपयांत. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकीला युनिटमागे ५ हजार, जास्तीत जास्त १० हजारांचं अनुदान होतं. एप्रिल २०२५ पासून ते निम्मं झालं: युनिटमागे अडीच हजार, कमाल ५ हजार. मार्चमध्ये मिळायची स्कूटर एप्रिलवर गेली असेल, तर चूक कुणाचीही असो, ५ हजारांचा खड्डा पडला. रिक्षावाल्याचं तर आणखी अवघड. तो जुनी गाडी विकून नवीचे पैसे उभे करतो. मधले दोन महिने त्याने भाड्याच्या गाडीवर काढायचे, की घरी बसायचं?

वाळूजच्या शेडमध्ये काय होतं

ही बाजू बातम्यांत क्वचित येते. मोठ्या कंपनीची ई-लाइन सेलअभावी आठवडाभर थंडावली, की तिला प्लॅस्टिकचं कव्हर, ब्रॅकेट, वायरिंग हार्नेस देणाऱ्या लहान कारखान्याचं शेड्यूल दुसऱ्याच दिवशी कापलं जातं. सोमवारी चार हजार नगांचं शेड्यूल, गुरुवारी ई-मेल येतो, अठराशे करा. बनून ठेवलेला माल रॅकवर. मोल्डिंग मशीनचा हप्ता मात्र शेड्यूलप्रमाणे कमी होत नाही. आधी तिसरी पाळी बंद होते, मग ठेकेदाराकडच्या पोरांना ब्रेक मिळतो. पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडून बसने येणारी ही पोरं चीनच्या निर्यात धोरणाबद्दल काही वाचत नाहीत, पण त्याचा परिणाम त्यांना शोरूममधल्या गिऱ्हाइकाच्या आधी कळतो.

पेट्रोल गाड्यांचं काम करणारे बरेच जण अजून ई-गाडीच्या सुट्या भागांसाठी नवं मशीन घ्यायला कचरतात ते यामुळेच. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. शेड्यूलची हमी कुणी देत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

रियासीचं लिथियम, सोडियमची बॅटरी

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासीत ५९ लाख टन लिथियमचा साठा असल्याचं जाहीर झालं आणि व्हॉट्सअॅपवर आपण श्रीमंत झालो. तो आकडा प्राथमिक अंदाजाचा होता. खाणीच्या लिलावाला पुरेशी बोलीच आली नाही. खडकातलं लिथियम बाहेर काढणं, शुद्ध करणं, त्यापासून बॅटरीच्या दर्जाचं रसायन बनवणं हे तीन वेगळे उद्योग आहेत, आणि चीनची खरी पकड मधल्या शुद्धीकरणावर आहे, खाणीवर नाही. सर्वांत जास्त लिथियम खणणारा देश तर ऑस्ट्रेलिया.

सोडियम-आयनकडून मला जास्त आशा आहे. त्यात लिथियम लागत नाही, आणि काही प्रकारांत कोबाल्ट, निकेलही नाही. पुण्याच्या केपीआयटी या वाहन-तंत्रज्ञान कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपलं सोडियम तंत्रज्ञान दाखवलं. तेवढ्याच वजनात वीज कमी मावते, म्हणून आधी थ्री-व्हीलर आणि साठवण संचांत ती दिसेल. पण तिचेही सेल कारखान्यातच बनवावे लागणार, त्याच कोरड्या खोलीत, तेवढ्याच चिकाटीने.

बिडकीनकडून अपेक्षा किती ठेवायची?

एथरच्या योजनेत वाहनांबरोबर बॅटरी पॅकही आहेत. पॅक इथे बनला तर इथल्या बीएमएसवाल्याला, पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याला, वायरिंगवाल्याला काम मिळेल, आणि ते भरपूर असेल. सेल मात्र बाहेरूनच येतील, निदान पहिली काही वर्षं. म्हणून 'वर्षाला १० लाख' हा आकडा वाचताना तो क्षमतेचा आहे हे ध्यानात ठेवावं. कारखाना उघडला त्या वर्षी तेवढ्या गाड्या निघत नसतात.

जमीन, पाणी, रस्ता यांची चर्चा आपल्याकडे चांगली होते, त्यात आपल्या लोकांचा हातखंडा आहे. नव्या प्रकल्पाच्या पत्रकार परिषदेत आणखी एक प्रश्न कुणीतरी विचारावा: सेलचा करार कुणाशी आहे, किती वर्षांचा आहे, आणि दुसरा पुरवठादार तपासून ठेवलाय का? कंपनी नाव सांगणार नाही कदाचित. पण उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ कळतं.

पावती फाडण्याआधी

बुकिंग करताना सेल्समन तारीख सांगेल. ती तारीख कशावरून, हे विचारा. गाडी कंपनीतून निघाली असेल तर तिला चॅसिस नंबर असतो. तो तुमच्या नावावर लागला असेल तर तारखेला अर्थ आहे. नसेल तर तो अंदाज आहे, आणि अंदाज सेल्समनलाही शोरूमच्या मॅनेजरने सांगितलेला असतो. तुमचा नेमका व्हेरियंट, नेमका पॅक आणि रंग गेल्या महिन्यात किती आले, हेही विचारून बघा.

किमतीबद्दल पावतीवर बारीक अक्षरात बहुधा 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असं असतं. अनुदानाची मुदत जवळ आली असेल तर ते वाक्य बोट ठेवून वाचा, आणि बुकिंग रद्द केलं तर किती रक्कम परत मिळते ते लेखी घ्या. जुनी गाडी एक्स्चेंजला देणार असाल तर नवी दारात लागेपर्यंत सोडू नका. डीलर घाई करतो, करू द्या. फायनान्सवाल्याला सांगून ठेवा की चॅसिस नंबर हातात येईपर्यंत कर्जाची रक्कम डीलरकडे वळती करायची नाही, कारण एकदा ती गेली की गाडी येवो न येवो, हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.